‘हाय’ आणि ‘आहे’

साताऱ्यात येऊन मला आता बरीच वर्षं झाली. घरात बसून मी अनुवाद करते. मिक्सरबरोबर येणारी माहितीपत्रकं, औषधाच्या खोक्यातले घडी घातलेले कागद, गिझर कसा लावावा आणि कसा लावू नये. जगात कोणीच वाचत नाही ते सगळं तू लिहितेस, असं नवरा चिडवतो, आणि त्याचं काही चुकत नाही. परवा एका पत्रकात वाक्य आलं, पाती फिरत असताना बोटं भांड्यात घालू नयेत. साधं वाक्य. सकाळी चहा झाल्यावर लिहायला घेतलं आणि जेवायची वेळ झाली तरी ते लिहून झालं नव्हतं. शेवटी संगणक बंद केला आणि भाजी निवडत बसले.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माझ्या मानगुटीवर जे बसलं आहे ते एक साधं क्रियापद आहे. मंडईतली भाजीवाली, एसटीत शेजारी बसलेली बाई, असं कोणीही ‘हाय’, ‘न्हाई’ असं आपल्या तोंडचं बोलता बोलता एकदम ‘आहे’ म्हणालं, की मी तोंड फिरवते. हिला कोणीतरी पढवलंय असं वाटतं. तसं काही नसतं, ती बिचारी पोराच्या शाळेतल्या बाईंशी फोनवर बोलत असते. पण मला ते ऐकवत नाही, आणि त्याचं कारण कुपवाडला आहे.

मी सांगलीत वाढले. आमच्या घरी शुद्ध बोलण्याचं भारी कौतुक. वक्तृत्वाच्या स्पर्धांतून मी इतके पेले आणले की त्यांतल्या एकात आई कपड्यांचे चिमटे ठेवायची. समाजकार्याची पदवी घेतली आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कार्मिक अधिकारी म्हणून लागले. कारखाना बिजागऱ्यांचा. पत्र्याची पट्टी प्रेसखाली धरायची, प्रेस धाडकन खाली यायचा, की बिजागरीचं एक पान तयार. पानं जोडून, घासून, खोक्यांत भरून परदेशातल्या एका फर्निचर कंपनीकडे जायची. तिकडे कोणाच्या तरी कपाटाचं दार आमच्या कुपवाडच्या बिजागरीवर उघडतं, हे मी पाहुण्यांना आवर्जून सांगायची.

त्या परदेशी कंपनीची एक आचारसंहिता होती. आमचा माल घ्यायचा तर आम्ही ती पाळायला हवी. वेठबिगारी नको, लहान मुलं कामावर नकोत, सक्तीचं जादा काम नको, यंत्रांना सुरक्षेची सोय हवी, तक्रार करणाऱ्याला त्रास होता कामा नये. जगभरच्या कामगारांसाठी म्हणून जे हक्क ठरलेले आहेत, ते सगळे तिच्यात होते. तिचा मराठी अनुवाद मी केला. मालक खूश झाले आणि त्यांनी तो काचेच्या चौकटीत घालून हजेरीच्या यंत्राशेजारी लावला. ‘प्रत्येक कामगारास सुरक्षित वातावरणात काम करण्याचा मूलभूत हक्क आहे. धोका वाटल्यास काम थांबविण्याचा त्यास अधिकार आहे.’ येता-जाता मी ते वाचायची आणि मला बरं वाटायचं.

आमच्याकडे आचारसंहिता म्हटलं की माणसाला निवडणूकच आठवते. परदेशी कंपनीचा तपासनीस येणार असं कळलं, की प्रेसवरच्या बायका एकमेकींना सांगायच्या, “आचारसंहिता लागली गं बया!” त्या दिवशी सुपरवायझरच्या तोंडात शिवी नसे, संडासात साबणाची नवी वडी असे, पाण्याच्या टाकीला झाकण असे. दुसऱ्या दिवशी सकाळी वडी गायब. “उठली वाटतं आचारसंहिता,” कोणीतरी म्हणायची, आणि सगळ्यांबरोबर मीही हसायची.

हे सगळ्यात आधी म्हणाली ती फौजी वहिनी. तिचा नवरा सैन्यात होता म्हणून हे नाव. घर आणि ऊस कडेगाव तालुक्यात, पण मुलीच्या शाळेसाठी तिने कुपवाडला खोली घेतली होती. वय माझ्याहून पाच-सहा वर्षांनी जास्त. स्कूटीवरून यायची, पदर खोचायची आणि प्रेसला बसायची ती जेवणाची घंटा होईपर्यंत. उखाणे घेण्यात तिचा हात धरणारी कोणी नव्हती. एकदा ऐकलेलं तिच्या डोक्यातून पुसलं जात नसे.

ती चौकट लावली त्या दिवशी वहिनी तिच्यासमोर उभी राहिली आणि तिने बोट धरून सगळं मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बाई, हितं लिवलंय ‘हक्क आहे’. पर हाय का?”

त्या सगळ्या मला मॅडम न म्हणता शाळेतल्यासारखं बाई म्हणत. मी म्हटलं, “वहिनी, आहे म्हणजेच हाय.”

“तसं नसतंय वो,” ती म्हणाली आणि हसत आत गेली. मला तिचा विनोद आवडला, घरी जाऊन मी तो आईला सांगितला. त्यात विनोदापलीकडे काही आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता पाचरीबद्दल सांगायला हवं. आमच्या प्रेसना दोन बटणं होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली यायचा. हेतू हा की प्रेस खाली येताना बाईचे दोन्ही हात बटणांवर असावेत, आत नसावेत. पण अशानं वेळ लागतो. पट्टी आत ठेवा, हात काढा, दोन्ही बटणं दाबा. म्हणून डाव्या बटणाच्या फटीत लाकडाची छोटी पाचर मारून ते दाबलेलंच ठेवायचे. मग डाव्या हाताने पट्टी सरकवत राहायचं आणि उजव्याने बटण दाबत राहायचं. एरवी पाचर मारणं म्हणजे कामात अडथळा आणणं. आमच्या इथे पाचर मारली की काम पळायचं. पाचरी सुपरवायझर स्वतः मारायचा, आणि मालकांना ते माहीत होतं.

मलाही माहीत होतं. आचारसंहितेच्या दिवशी सकाळी लवकर येऊन प्रत्येक प्रेसची पाचर काढायची आणि एका पिशवीत गोळा करून माझ्या कपाटात ठेवायची, हे काम माझं होतं. दुसऱ्या दिवशी ती पिशवी सुपरवायझरला परत द्यायची, हेही माझंच.

आणि तिसरं काम उत्तरं पाठ करून घेण्याचं. तपासनीस बायकांना एकेकीला बोलावून प्रश्न विचारत. काय विचारणार ते साधारण ठरलेलं असे. मी प्रश्न आणि उत्तरं लिहून काढली आणि जेवणाच्या सुट्टीत डबे खाऊन झाले की वर्ग घ्यायला लागले. ‘आम्ही नेहमी दोन्ही बटणे वापरतो. आम्ही स्वेच्छेने जादा वेळ काम करतो. आम्हाला सुरक्षेचे प्रशिक्षण देण्यात आले आहे.’ स्वेच्छेने या शब्दावर सगळं गाडं अडायचं. “स्वेच्छा कुणाची पोरगी वो बाई?” असं एकीनं विचारलं आणि हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र चिडले. मी चिडले की फार शुद्ध बोलते.

साधं त्यांच्या भाषेत बोलू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? मला तेव्हा तसं वाटलंच नाही. नीटनेटकं बोललं म्हणजे नीटनेटकं दिसतं, असं माझं गणित. शिवाय त्यांच्या तोंडून माझी वाक्यं बाहेर पडताना ऐकायला मला छान वाटायचं. हे कबूल करायला मला आजही जड जातं, पण तसंच होतं. माझ्या मराठीवर माझा जीव होता.

फौजी वहिनीला सगळी उत्तरं दोन दिवसांत पाठ झाली. अडचण एवढीच की ती उखाण्याच्या चालीत म्हणायची. ‘देण्यात आले आहे’च्या शेवटी तिचा सूर उखाण्यात नवऱ्याचं नाव यायच्या वेळी वर जातो तसा वर जाई. “वहिनी, सरळ बोला,” मी म्हणायची. “सरळच बोलतोय की,” ती म्हणायची आणि पुन्हा सूर वर न्यायची. माझी फजिती करायला ती मुद्दाम तसं करत होती हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

ज्या तपासणीबद्दल मला सांगायचं आहे तिला बंगळूरहून एक बाई आल्या होत्या. माझ्याच वयाच्या, हुशार, चांगल्या मनाच्या. त्यांना मराठी येत नव्हती. दुभाषा बाहेरचा असावा असा नियम होता, पण त्यांचा दुभाषा आयत्या वेळी आलाच नाही, आणि संध्याकाळच्या गाडीने त्यांना परतायचं होतं. मी इंग्रजी बोलते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, चला, तुम्हीच सांगा. उपाहारगृहाच्या कोपऱ्यात एक टेबल मांडलं. एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला कामगार बाई, मध्ये मी.

सगळ्या पोपटासारखं बोलून गेल्या. मग फौजी वहिनी आली. बटणांचा प्रश्न आला. मी तो मराठीत विचारला. वहिनीने त्या बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तिच्या नेहमीच्या आवाजात, कसलीही चाल न लावता सांगायला सुरुवात केली.

“न्हाई वो. डावं बटण दाबूनच असतंय. पाचर मारत्यात त्येला. सुपरवायझरच मारतोय, माल लवकर निघाय पायजे म्हून. आज तुमी येनार म्हून काढलीया. आमचा डावा हात आतच असतोय बगा. भ्या वाटतंय कदीकदी. परवा एकीचं नख जाता जाता वाचलं. तेवडं तुमी सांगून जावा त्यास्नी.”

मालक काचेच्या पलीकडून बघत होते. मला एवढंच दिसलं की हे गिऱ्हाईक गेलं तर कारखाना बसेल, आणि तो माझ्यामुळे बसेल. मी इंग्रजीत म्हणाले, “ती म्हणते, आम्ही नेहमी दोन्ही बटणं वापरतो.”

बंगळूरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “एवढंच? ती बराच वेळ बोलत होती.”

“गावाकडच्या बायका,” मी म्हणाले. “पाल्हाळ फार लावतात.”

त्या हसल्या. मीही हसले. आम्ही दोघी हसतोय हे बघून वहिनीही हसली. तिला वाटलं, सांगितलेलं पोचलं. बाईंनी कागदावर एक खूण केली, आणि मी पुढच्या बाईला हाक मारली.

संध्याकाळी मी वहिनीला गाठलं. ती स्कूटीला किल्ली लावत होती. “तुम्हाला काय शिकवलं होतं? आणि तुम्ही काय बोललात?”

“त्येनी खरं इचारलं म्हून खरं सांगितलं, बाई. चुकलं व्हय?”

“चुकलं,” मी म्हणाले. “फार चुकलं. मी सांभाळून घेतलं म्हणून बरं.”

सांभाळून घेतलं म्हणजे काय केलं हे तिने विचारलं नाही. थोडा वेळ ती किल्लीशी चाळा करत राहिली. मग “बरं,” म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी मी पाचरींची पिशवी सुपरवायझरला परत दिली. कारखान्याला उत्तम शेरा मिळाला.

त्यानंतर काही महिन्यांनी, जेवणाची सुट्टी संपून अर्धा तास झाला असेल, मी टेबलाशी बसून त्या उत्तम शेऱ्याचं प्रमाणपत्र चौकटीत बसवून आणायला कोणाला पाठवायचं याचा विचार करत होते. आणि सगळे प्रेस थांबले. रोज दिवसभर तो आवाज इतका असायचा की तो आम्हाला ऐकूच येत नसे. तो थांबल्यावर पंख्याची करकर ऐकू आली, बाहेर रस्त्यावर ट्रकला कोणीतरी वाट दाखवत होतं ते ऐकू आलं. मग एक बाई किंचाळली. किंचाळली ती वहिनी नव्हती, तिच्या शेजारच्या प्रेसवरची होती. वहिनीच्या तोंडून आवाजच निघाला नव्हता. तिच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली होती.

तिला मिरजेच्या एका दवाखान्यात ठेवलं. परदेशी कंपनीला अपघात कळवावा लागला आणि त्यांचा माणूस चौकशीला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी मालकांनी मला दवाखान्यात जायला सांगितलं. “तिला नीट समजावून सांगा,” एवढंच म्हणाले. त्यांना त्याहून जास्त सांगायची गरज नव्हती.

मी मोसंबी घेऊन गेले. वहिनीचा हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून उशीवर ठेवला होता. तिचा नवरा दूर सरहद्दीवर, त्याला रजा मिळायची होती. मुलगी शाळेत गेली होती. मी खुर्चीवर बसले आणि मोसंबी सोलायला लागले, कारण हातांना काहीतरी हवं होतं. माझ्याच्यानं विषय काढवेना. तो तिनेच काढला.

“उद्या मानूस येनार म्हनं. काय सांगायचं, बाई?”

मी त्या क्षणी उठून निघून जाऊ शकत होते. जे झालं ते सांगा, असंही म्हणू शकत होते. मी तिला पाच वाक्यं दिली. ती तिने तिथेच, छताकडे बघत, दोनदा म्हणून दाखवली. निष्काळजीपणा या शब्दावर ती अडखळली. मी तो तोडून तोडून सांगितला, वक्तृत्वाच्या वर्गात सांगतात तसा. तिसऱ्या वेळी तिला तो जमला, आणि मी “छान” म्हणाले. हे ‘छान’ माझ्या तोंडून गेलं. ते आठवलं की आजही मला माझा राग येतो, इतका की हातातली वस्तू खाली ठेवावी लागते.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. या वेळी त्याने पुण्याहून स्वतःचा दुभाषा आणला होता, तरुण आणि फार सभ्य. मी कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. प्रश्न झाला. वहिनीने उजव्या हाताने पदर सारखा केला आणि बोलायला लागली.

“अपघात माझ्या निष्काळजीपणामुळे झाला. मला सुरक्षेचे पूर्ण प्रशिक्षण देण्यात आले आहे. आम्ही नेहमी दोन्ही बटणे वापरतो. त्या दिवशी मी स्वतःहून नियम मोडला. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.”

एकाही शब्दाला चाल नव्हती. सपाट, स्वच्छ, माझ्या आवाजातलं बोलणं. तो सगळा वेळ मी त्या दुभाष्याकडे बघत होते. याला कळेल, मला वाटलं. याला आत्ता ऐकू येईल की ही बाई असं बोलत नाही. पण तो पुण्याचा. त्याच्या घरी सगळे ‘आहे’च म्हणत असणार. त्याने एक एक वाक्य अचूक इंग्रजीत सांगितलं आणि जाताना मला म्हणाला, “ताई किती स्पष्ट बोलल्या. इतकं सुटसुटीत कोणी सांगत नाही.” त्या खोलीत खरं-खोटं नुसत्या कानाने ओळखू शकेल असं माणूस एकच होतं, आणि ते स्टुलावर मूग गिळून बसलं होतं.

ते लोक खाली गेल्यावर वहिनीने मान वळवली. चेहरा घामाने डबडबलेला.

“बरोबर बोलले न्हवं, बाई? ह्या टायमाला न्हाई चुकले.”

मी लगेच नोकरी सोडली असं सांगायला मला आवडलं असतं. सोडली नाही. पुढच्या आचारसंहितेलाही पाचरी मीच गोळा केल्या. वहिनीला कारखान्याच्या लोकांनी गोड बोलून घरी बसवलं, तिने खोली सोडली आणि ती कडेगावकडे निघून गेली. आचारसंहितेची चौकट तशीच होती, फक्त आता तिच्याखालून जाताना मी तिकडे बघत नसे. पुढे माझं लग्न साताऱ्यात ठरलं म्हणून नोकरी सुटली, एवढंच. त्यात शौर्याचं काही नाही.

पण ती सपाट वाक्यं माझ्याबरोबर साताऱ्याला आली. भांडी घासताना माझ्या डोक्यात कोणीतरी माझ्याच आवाजात म्हणतं, देण्यात आले आहे. टीव्हीवर खेड्यातली एखादी बाई एखाद्या योजनेबद्दल ‘मला लाभ मिळाला आहे’ म्हणाली की मी आवाज बंद करते. नवऱ्याला आधी वाटायचं मला राजकारणाचा कंटाळा आहे. एकदा मी त्याला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, “ती कुठं असते आता?” मला ते माहीत करून घ्यायचं धाडस झालं नव्हतं.

या वर्षी एका पत्रकासाठी शब्द शोधताना मी त्याच परदेशी कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन पडले. तिथे आता तक्रारीचं पान आहे. त्यांच्याकडे माल पाठवणाऱ्या कुठल्याही कारखान्यातल्या कामगाराचे हक्क डावलले गेले असतील, तर कोणीही, कितीही जुनी तक्रार, आपल्या भाषेत करू शकतो. तिकडचे कायदे आता कडक झालेत म्हणे, आपला माल कुठे, कोणाच्या हातून होतो याचा जाब कंपनीलाच द्यावा लागतो. पान मराठीतही होतं. मी जे घडलं ते लिहून पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं. तक्रार गंभीर आहे, ते यंत्र आजही चालू असेल तर चौकशी करावी लागेल, मात्र त्या कामगार महिलेचं स्वतःच्या शब्दांतलं निवेदन हवं, फोनवर ध्वनिमुद्रण केलेलं चालेल. स्वतःच्या शब्दांतलं, ही अट वाचून मी घरभर फेऱ्या मारल्या.

कराडला एसटी बदलून मी कडेगावला गेले आणि तिथून विचारत विचारत वहिनीच्या घरी. तिने मला अंगणातूनच ओळखलं.

“आवं बाई! तुमी? या, या. किती वाळलासा!”

केस पांढरे झाले होते, बाकी तीच. नवरा निवृत्त होऊन शेती बघत होता, त्या वेळी उसाला पाणी पाजायला गेला होता. मुलगी लग्न होऊन सासरी. वहिनीने चहा केला, उरलेल्या अंगठ्याने आणि एका बोटाने कपबशी धरून माझ्यासमोर ठेवली. तास दीड तास ती बोलत होती, जावयाबद्दल, उसाच्या तोडीबद्दल, गुडघ्याबद्दल, आणि मी दोनदा पोट धरून हसले. मग मी कशासाठी आले ते सांगितलं आणि फोन मुद्रणाला लावून चटईवर ठेवला. त्या दिवशी काय झालं, तुमच्या शब्दांत सांगा, म्हटलं.

वहिनीने पदर सारखा केला. डावा हात पदराखाली घेतला. ताठ बसली.

“अपघात माझ्या निष्काळजीपणामुळे झाला. मला सुरक्षेचे पूर्ण प्रशिक्षण देण्यात आले आहे.”

“वहिनी, असं नको. तुमच्या बोलीत सांगा. जसं झालं तसं.”

ती गोंधळली. “मला त्या दिसाचं एवडंच येतंय, बाई. लय येळा सांगितलं न्हवं, पोलिसास्नी, ह्येनला, सासूबाईस्नी. आता तेवडंच ऱ्हायलंय.”

“बटणाला पाचर होती ना?”

“पाचरी तर तुमी काडून नेल्या हुत्या की पिशवीत. म्हून तर माजी चूक. दोनी बटनं दाबायची सोडून मी हात घातला.”

तिने तपासणीचा दिवस आणि अपघाताचा दिवस एक करून टाकला होता. मी दिलेली पाच वाक्यं तिने इतकी घट्ट धरली होती की त्यांच्यात बसेल असंच बाकीचं तिला आठवत होतं. मी तिला सांगितलं. पाचरी मी दुसऱ्या दिवशी परत दिल्या होत्या. अपघाताच्या दिवशी डाव्या बटणात पाचर होती, मी नंतर स्वतः पाहिली. आणि त्याच्या कितीतरी आधी तुम्ही बंगळूरच्या बाईंना सगळं सांगितलं होतं, भीती वाटते म्हणून, त्यांना सांगा म्हणून. ते मी पुढे सांगितलंच नाही.

“मी सांगितलं हुतं?” तिने विचारलं.

“हो.”

“मंग माजी चूक न्हवती?”

“नव्हती, वहिनी. तुमची काहीच चूक नव्हती.”

ती हातातल्या पदराच्या टोकाची घडी घालत राहिली. “ह्येनी मला इतकी वर्सं बोलून दावलं,” ती हळू म्हणाली, “ध्यान कुटं हुतं तुजं म्हून. सासूबाई जाईस्तवर म्हनत हुत्या. मी बी पोरीला तेच शिकवलं, माज्यागत धांदरट हू नगंस, आपल्या चुकीनं हात घालवलाय आयनं.” आणि मग मान वर करून, रागाने नव्हे, खरंच कळून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं, “मंग तवाच का न्हाई सांगितलंसा, बाई?”

फोन चालू होता. त्यात तिचा हा प्रश्न आहे, त्यानंतर बराच वेळ काही नाही, आणि मग तिचाच आवाज आहे, आणखी चहा टाकू का म्हणून.

साताऱ्याला येऊन मी ते मुद्रण कंपनीला पाठवलं. त्यांनी लगेच कळवलं की सोबत शब्दशः अनुवाद जोडा, काहीही गाळू नका. त्यासाठी त्यांच्या पानावर एक तक्ता आहे. प्रत्येक प्रश्न, तो कोणी विचारला, कोणाला विचारला, आणि उत्तर. मी बसून सगळं भरलं, धांदरट या शब्दासाठी अर्धा तास घालवला. ‘मंग तवाच का न्हाई सांगितलंसा’ या प्रश्नापुढे ‘कोणाला’ या रकान्यात माझं नाव लिहिलं. उत्तराचा रकाना रिकामा ठेवला तर पान पुढे जात नाही, तांबडी अक्षरं येतात. मी तिथे बऱ्याच गोष्टी लिहून बघितल्या आणि खोडल्या, सगळ्या फार नीटनेटक्या होत्या. आज आठवा दिवस आहे. वहिनीची तक्रार अजून माझ्यापाशीच अडली आहे.